जावयाची काडतुसं

जावयाने त्याच्या बापाची रायफल जुन्या कांबळ्यावर आडवी ठेवली आणि मला माझ्या गेलेल्या बायकोला खाटेवरून खाली घेतलं तो दिवस आठवला. असं लिहू नये, पण आठवलं ते आठवलं. माणसाची मान टेकवताना खालून हात धरतात ना, तसा त्याने लाकडी दस्त्याखाली हात धरला होता.

जागा म्हणजे ब्रेडा शहराच्या कडेला त्यांच्या घरामागची लाकडी खोली. सायकली, गवत कापायचं यंत्र, रंगाचे अर्धवट डबे आणि मधोमध एक जाड फळ्यांचं टेबल. बाहेर पाऊस. इथला पाऊस धड पडत नाही, नुसता हवेत लोंबकळत राहतो.

जावई डच. माझी एकुलती लेक इथे शिकायला आली, शिकली, नोकरीला लागली आणि ह्याच्याशी लग्न करून बसली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. जावई आहे, मान द्यायलाच पाहिजे. लिहिताना मात्र ‘तो’ लिहितोय, कारण ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ लिहिण्यातच माझा हात दुखतो.

बायको त्याच वर्षीच्या चैत्रात गेली. दिवस-वार झाले, लोक पांगले, आणि लेक म्हणाली, “बाबा, चला आता. एकटे काय भिंतींशी बोलणार?” मी आलो. यायला नको होतं असं म्हणत आलो. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी अन्न घेत नाहीत. ही रीत बायकोने दातांनी धरून ठेवली होती. लेक तिकिटं पाठवते म्हणायची, ही म्हणायची, “नातवंड होऊ दे, मग येते. तुझ्या घरी येऊन काय उपाशी बसू?” मी हसायचो. विमानात सुद्धा डबा घेऊन जा म्हणायचो. शेवटी ती आलीच नाही. मी आलो, आणि पहिल्या दिवशी लेकीने वरणभात वाढला तेव्हा मुकाट खाल्ला. रीत सांभाळणारी गेली, मग रीत कोणासाठी?

सप्टेंबर सरता सरता जावयाची तयारी सुरू झाली. स्वीडनला जायचं होतं, मूस मारायला. मूस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्याने चित्र दाखवलं. म्हशीएवढं सांबर, नाक लोंबतं, शिंगं सुपासारखी. त्याचा बाप दर साली तिकडच्या शिकाऱ्यांच्या एका टोळीबरोबर जायचा. बाप वारला, आणि टोळीतल्या म्हाताऱ्यांनी कळवलं की बापाची जागा पोराला देतो. ह्याने आजवर पोल्डरात, म्हणजे समुद्र हटवून केलेल्या सपाट रानात, बदकं आणि ससे मारलेले, तेही छर्‍याच्या बंदुकीने. रायफलने मोठं जनावर कधी नाही.

“गेल्या साली जायचं होतं,” तो म्हणाला. “मी नाही म्हणून कळवलं. ह्या साली नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाईल.”

“गेल्या साली काय झालं होतं?”

तो नळीत गज घालत होता. गज पुढेमागे करत राहिला. मग म्हणाला, “घरी काम होतं.”

आमचं बोलणं माझ्या कारखान्यातल्या इंग्रजीवर आणि त्याच्या मोजक्या मराठीवर चालायचं. त्यातली निम्मी मराठी बायकोने त्याला फोनवर शिकवलेली. “जेवलात का?” हे त्याचं आवडतं वाक्य. सकाळी उठल्यावर, दुपारी, रात्री झोपायला जाताना, भेटला की “जेवलात का?” बायको तेवढंच विचारायची ना त्याला, म्हणून त्याला वाटायचं मराठीत नमस्काराला हेच म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. तो विचारायचा तेव्हा मला तिचा हेल ऐकू यायचा.

मी सातवी नापास. पुण्याजवळ काडतुसांच्या कारखान्यात जन्म गेला. पण माझं काम एकच. पितळी केस, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी, पट्ट्यावरून यायची आणि मी तिचं तोंड बघायचं. चीर असली, चेपलेलं असलं, की बाजूला टाकायची. बस. दारू भरायचं खातं लांब, तिकडे आम्हाला जायची मनाई. बंदूक मी जन्मात हातात धरली नाही की उडताना बघितली नाही. चाळीत लोकांना वाटायचं हा मोठा दारूगोळेवाला. बायको सगळ्यांदेखत म्हणायची, “कसला दारूगोळेवाला! दिवसभर पितळेच्या तोंडात बघतो आणि घरी आला की माझ्या तोंडाकडे बघायला ह्याच्याकडे डोळे उरत नाहीत.”

जावयाला हे लेकीने सांगितलेलं असणार, कारण एका शनिवारी त्याने माझ्यापुढे केसांचा डबा ओतला. बापाने वापरून जपून ठेवलेल्या. तो स्वतः काडतुसं भरायचा. परवाना होता त्याला. जुन्या केसच्या बुडातली जळकी टोपी, जिच्यातून ठिणगी पडते ती, काढायची, केस धुवायची, घासायची, नवी टोपी बसवायची, काट्यावर दारू तोलून ओतायची, वर गोळी बसवून दाबायची. सगळी विद्या त्याची. मी धुणं-घासणं आणि तोंडं बघणं घेतलं.

खरं सांगतो, बायको गेल्यावर पहिल्यांदा हाताला काम मिळालं. चिंच इथे मिळते, सुरिनामी माणसाच्या दुकानात. मी म्हटलं, पितळ आहे, चिंचेने घासू. जावई म्हणाला नको, पितळेला काय होईल सांगता येत नाही, त्याच्याकडे वेगळी पावडर होती. मी म्हटलं, देवाची भांडी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासतात, अजून देव तक्रार करत नाहीत. तो म्हणाला, “देव ह्यात दारू भरत नाहीत.” त्याचीच पावडर वापरली.

दोन रायफली होत्या. बापाची जाड नळीची, आणि एक हलकी, ती अडीअडचणीला. बापाचीच न्यायची म्हणून तो हट्टाला पेटला होता. बोल्ट सुटा करून पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा, मग तेच तेल पुन्हा पुसून टाकायचा. मी म्हटलं, लावता कशाला आणि पुसता कशाला? म्हणाला, तिकडे थंडी फार, जास्त तेल राहिलं तर आखडतं. काम झालं की दोन्ही रायफली पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली त्याच्या गळ्यात. चहाला घरात जायचं असलं तरी आधी कुलूप. आमच्या चाळीत लोक सोनंसुद्धा इतकं जपत नव्हते.

लेक मात्र खोलीत यायची नाही. दारापर्यंत यायची, तोंडाला ओढणी लावायची आणि “चहा ठेवलाय” म्हणून उलटी फिरायची.

“वास येतो?” मी विचारलं.

“तेलाचा. घाणेरडा आहे.”

आधी कधी येत नव्हता तो वास. मग मी बघायला लागलो. सकाळी नळ चालू ठेवून ती न्हाणीघरात बराच वेळ असायची. कॉफी बंद झाली होती. जावयाने मासे आणले ते तिने शेजारी देऊन टाकले. बायको असती तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं; मला उशीर लागला, पण मला कळलं. लेकीला दिवस गेले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आनंद झाला का? झाला. पण ज्या खुर्चीत बसून कळलं तिथे समोर टेबलावर नव्या काडतुसांची रांग होती. आणि माझ्या डोक्यात बायको बोलायला लागली, अगदी जवळून, कुकरची शिट्टी काढता काढता बोलायची तशी. बाई गरोदर असली की नवऱ्याने जीव मारायचा नाही. विंचू दिसला तरी दुसऱ्याला हाक मारायची. नारळ फोडायचा नाही. कोहळा चिरायचा नाही. दाढी करायची नाही. प्रेताला खांदा द्यायचा नाही. लेकीच्या वेळेला शेजारच्या म्हाताऱ्याला खांदा द्यायला मी निघालो तर ही उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती, पोट पुढे काढून. “आता जा बघू,” म्हणाली. मी गेलो नाही. चाळीत लोकांनी नावं ठेवली. मी तिला खुळी म्हटलं, पण गेलो नाही.

आता हा पोरगा म्हशीएवढं जनावर मारायला निघाला होता. आणि त्याच्या काडतुसांची तोंडं मी तपासून देत होतो.

सांगावं तर कोणाला? हे सांगणं बायकांचं काम. आईने लेकीला, सासूने सुनेला. बापाने जावयाला काय म्हणायचं, आणि तेही इंग्रजीत? एकदा मनात आलं, एखादी चिरलेली केस तशीच पुढे सरकवावी. तो बघेल, कंटाळेल, काडतुसं धड होत नाहीत म्हणून राहील घरी. पण चिरलेली केस काय करू शकते हे कारखान्यात आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं. डोळा जातो, हात जातो. ते मनात आलं तसं मी उठून हात धुवून आलो.

पुढच्या रविवारी तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. दुर्बीण आणि नळी एका रेषेत आली का ते बघायला गोळ्या झाडाव्या लागतात. माझ्या कानांवर त्याने आवाज अडवायचे डबे चढवले. त्याने पोटावर झोपून नेम धरला आणि चाप ओढला. डबे असूनही आवाज माझ्या छातीत आला. मी मागच्या बाकावर बसलो तो बसलोच. एवढी वर्षं केसांची तोंडं बघितली, पण त्या तोंडातून काय निघतं ते पहिल्यांदा बघितलं. त्याने पुन्हा झाडली, पुन्हा. भोकं जवळ जवळ आली तसा तो खूश झाला. झाडलेल्या केस गोळा करून माझ्या मुठीत दिल्या. अजून गरम होत्या.

“बघा,” तो म्हणाला. “एकही फाटली नाही.”

गाडीत मी डोळे मिटून बसलो. त्याला वाटलं मी थकलो. “जेवलात का?” म्हणाला, आणि स्वतःच हसला.

त्या रात्री जेवताना मी बोललो. बोलायचं कसं ते येत नाही मला, येतं तसं बोललो. लेकीला म्हटलं, “तुला दिवस गेलेत ना?”

तिचा चमचा थांबला. जावयाला शब्द कळले नाहीत, पण तिचं तोंड बघून कळलं.

“बारा आठवडे झाल्याशिवाय आम्ही कोणाला सांगत नाही, बाबा.”

“मी कोणी परका नाही. मी बाप आहे. आणि तुझ्या नवऱ्याला शिकारीला पाठवू नको. पोट असताना बापाने जीव मारू नये. तुझी आई असती तर तिनेच सांगितलं असतं.”

मला वाटलं ती चिडेल. इथे शिकलेली मुलगी, म्हणेल हे काय खूळ. ती चिडली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघत राहिली, जसं दवाखान्यात एखाद्याकडे बघतात.

“आईने सांगितलं होतं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी.”

“गेल्या वर्षी काय?”

“तेव्हाही दिवस होते मला. आईने फोनवर सगळं सांगितलं. हे मारू नको, ते फोडू नको. त्याने सगळं पाळलं, बाबा. आईच्या शब्दाखातर. स्वीडनला नाही म्हणून कळवलं. बागेत उंदीर झाले होते, त्यांना पिंजऱ्यात धरून सायकलवरून लांब सोडून यायचा. लोक हसायचे. तरी दिवाळीच्या आधी गेलं ते.”

दिवाळीच्या आधी. त्या दिवाळीला बायकोने चकल्या केल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाली. दोनचार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि मी म्हटलं होतं, गुडघे दुखतात तर तेल लाव, सणासुदीला घर सुतकी करू नको.

“मला नाही सांगितलं तिने.”

“मीच म्हटलं सांगू नको. ती म्हणाली, त्यांना सांगितलं तर ते गप्प बसतील आणि ते गप्प बसले की मला रडता येत नाही.” लेकीने डोळे पुसले. “पुढच्या वेळी होईल म्हणाली. मग येते म्हणाली.”

मग तिचा आवाज चढला. “ह्या वेळी त्याने जावं असं मीच म्हणाले. पाळून काय मिळालं? परत सगळं पाळायचं आणि परत गेलं तर मी कोणाकडे बघू? जाऊ दे त्याला. त्याच्या बापाची जागा आहे ती.”

जावयाने तिचा हात धरला होता. ती त्याच्याशी डचमध्ये काहीतरी बोलली. त्याने ऐकलं, आणि मग माझ्याकडे वळून हळू इंग्रजीत म्हणाला, “बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी जात नाही. आता फोन करतो.”

बघा, आलं माझ्यावर. त्याचा चेहरा खोटा नव्हता. मी एक शब्द बोललो असतो तर त्याच्या बापाची जागा गेली असती, आणि तो कुरकुरला नसता. बायकोचा शब्द राहिला असता. पण पुढे लेकीला काही झालंच असतं, तर मग? आणि तो गेला आणि काही झालं, तर? दोन्हीकडून गोळी माझ्याच अंगावर येत होती. मी पाणी प्यायलो. पाण्याला चव नव्हती.

“जाऊ दे,” मी म्हणालो. “ती म्हणते तर जाऊ दे.”

उरलेली काडतुसं आम्ही संपवली. मी प्रत्येक केसचं तोंड दोनदा बघितलं. दिव्याखाली धरून, बोटावर फिरवून. एकीला धाग्यासारखी बारीक चीर होती. मी ती त्याला दाखवली आणि त्याने ती पक्कडीने चेपून टाकून दिली. बाकीच्यांवर त्याने नव्या गोळ्या बसवल्या, डबीत एकेका खाचेत उभ्या ठेवल्या. निघायच्या सकाळी गाडीत सगळं भरून तो दारात आला आणि म्हणाला, “मी जातो.”

“जातो म्हणू नये,” मी म्हटलं. “येतो म्हणा.”

“पण मी तर जातोय.”

“तरी येतो म्हणायचं.”

“येतो,” तो म्हणाला. लेकीने डोळे पुसत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्याच दुपारी मी सुरिनामी माणसाच्या दुकानातून दसऱ्यासाठी नारळ आणला होता. वर्ष सरलं नव्हतं, सण नव्हताच आम्हाला. तरी सवयीने आणला. फोडायला घेतला आणि हात थांबला. मी मनाशी म्हटलं, त्याने पाळायचं ते मी पाळतो. बाप नाही तर आजा. देव असेल तर वाटणी बदललेली चालते की नाही मला माहीत नाही. बायकोला विचारलं असतं तर तिने काहीतरी काढलंच असतं, तिच्याकडे प्रत्येक रीतीला एक पळवाट असायची. मी नारळ स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवला.

जावई आला तो मांस घेऊन आला. मूस मारला होता, एका गोळीत. ते सांगताना तो उड्या मारत नव्हता. जनावर खाली बसलं आणि आपल्याकडे बघत होतं, एवढंच म्हणाला, आणि अंघोळीला गेला. मांस लाल, जाड धाग्याचं. लेक म्हणाली आईसारखं कर. बायकोने कुटलेल्या काळ्या मसाल्याची शेवटची बाटली मी सोबत आणली होती. ती संपवली. दोघं जेवले. मी ताटावर बसलो, पण मांस सोडून नुसता भात खाल्ला.

तो हिवाळा मी असा काढला की माशी आली तर खिडकी उघडायची. कोळी दिसला तर पेल्याखाली धरून बागेत. दाढी वाढवली, लेक म्हणाली बाबा काय हे, मी म्हटलं थंडी. भोपळा आणला तर तो चिरायला तिला देत होतो. तिला कळलं असणार. एकदा माझ्या दाढीकडे बघून तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसता माझ्या कानामागून हात फिरवला, तिची आई फिरवायची तसा. बायकोचं वर्षश्राद्ध त्याच हिवाळ्याच्या शेवटी आलं. बागेत पान ठेवलं. कावळा आला, इथले कावळेही कावळेच. मी त्याला म्हटलं, सांग तिला, अजून धरून आहे.

मे महिन्यात मुलगी झाली. धडधाकट, बापाचं नाक. जावयाने फोन केला, मुलगी झाली म्हणाला आणि लगेच मला विचारलं, “जेवलात का?” मी हो म्हणालो. तेव्हा मला पहिल्यांदा त्या घरात पोटभर जेवायचा हक्क आला होता, आणि जिने त्या दिवसासाठी रीत धरून ठेवली होती तीच नव्हती.

दाढी केली. मग कपाटावरचा नारळ काढला. हलवला तर खडखडला. पाणी आटून गेलं होतं. मागच्या लाकडी खोलीच्या उंबऱ्यावर, पोलादी कपाटासमोर, मी तो आपटून फोडला. आत खोबरं सुटून गोटा झाला होता, तेलकट, पिवळसर. ओलंच राहिलं असतं तर सडून गेलं असतं, टाकून द्यावं लागलं असतं. सुक्याचं काय करतात ते मला माहीत होतं, बायकोला लेकीच्या वेळेला करताना बघितलं होतं.

किसलं, भाजलं. डिंक तळला, हात पोळला. गूळ जास्त झाला. लाडू दगडासारखे झाले. लेक दवाखान्यातून आली, पलंगावर बसली, पोर मांडीवर. तिने लाडू दाताखाली धरला, फुटेना, तशीच चघळत राहिली.

“आईचे मऊ असायचे,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.

तिने तो संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.